दोष ब्रशचा नाही, पाण्याचा

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. त्याचे कारण खडकातून बोअरच्या पाण्यात उतरणारे फ्लोराइड. पाणी नितळ दिसते. उकळूनही फ्लोराइड जात नाही. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेले पाणी पिण्यास अयोग्य. प्रमाण फार वाढले आणि तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर सांधे आखडतात, पाठ वाकते. हे नुकसान औषधाने भरून निघत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाण्याचे नमुने तपासते. पण अहवाल फायलीतच राहिला तर उपयोग काय? तपासणीची तारीख आणि फ्लोराइडचे प्रमाण प्रत्येक हातपंपावर ठळक अक्षरांत लिहिलेच पाहिजे. पाणी भरणाऱ्या बाईला ते आधी कळायला हवे.