ब्लँकेट नको, कागद करून द्या!

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून मिरचीचे ट्रक शहराकडे जातात, आणि त्याच रस्त्याने गाठोडे घेऊन आपली माणसे वाळूज, चाकण, मुंबईकडे निघतात. मिरचीची शहरात कोणीतरी वाट पाहत असते. माणसाची कोण पाहतो?

खेड्यांचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतच खडसावले होते. गाव सोडणे हा आपल्यासाठी केवळ पोटाचा नव्हे, माणूसपणाचाही प्रश्न आहे. संविधानाच्या कलम १९ ने देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला. तरीही शहर गरिबाला उपराच म्हणते.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्यांना त्यांच्या मूळ गावी हाकलण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात झोपड्या पाडून माणसांना एसटीत कोंबले गेले. न्यायालयात दाद मागणाऱ्यांत १९६९ साली संगमनेरहून आलेला, गावातले घर कोसळलेला एक चपला शिवणारा होता. १० जुलै १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मात्र झोपड्या हटवण्यास मज्जाव केला नाही. पर्यायी जागेचा आधार मिळाला तो १९७६ च्या गणनेचे ओळखपत्र असणाऱ्यांना. वकील म्हणून मी यातून एकच धडा घेतो : शहरात गरिबाला कागद वाचवतो.

आणि आमचे समाजकार्य? जयंतीला ब्लँकेट, वह्या आणि सत्कार! १९२४ साली बाबासाहेबांनी मुंबईत स्थापलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह, वाचनालयाचे काम हाती घेतले होते, हे आम्ही विसरलो काय?

शहरातल्या प्रत्येक विहारात आठवड्यातून दोन तास एक टेबल मांडा. अंत्योदय व प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर शहरातल्या दुकानातही धान्य मिळते, हे नव्याने आलेल्यांना सांगा. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळा आठवीपर्यंतच्या मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही; २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ मुख्याध्यापकांना दाखवा. मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरून द्या.

गावातल्या कार्यकर्त्यांनीही हात झटकू नयेत. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. तो आजोबांच्या शाळेत नाहीतर महसुली दप्तरात असतो, चाकणच्या भाड्याच्या खोलीत नाही. माणूस निघण्यापूर्वीच त्याची नक्कल काढून द्या. गावाने निरोप धाडावा, शहरातल्या विहाराने माणूस उतरवून घ्यावा.

एवढेही जमत नसेल, तर १४ एप्रिलला मोठा डीजे लावण्याचा आम्हाला काय अधिकार?

जयभीम!