हातच्या चवीचे स्तोम

मार्गशीर्ष लागला आणि पहाटे अंगावरची रजई सोडवेनाशी झाली, की आमच्या लेखकवर्गाला स्वयंपाकघराची आठवण होते, हा आता जवळजवळ ऋतुनियमच होऊन बसला आहे. एरवी ज्या खोलीत ही मंडळी पाणी पिण्यापुरती डोकावतात, तिच्याविषयी त्यांची लेखणी एकाएकी पाझरू लागते. बाजरीची ऊन भाकरी, तिच्यावर विरघळणारा लोण्याचा गोळा, भोगीची भाजी, हुरडा, तिळाची वडी, डिंकाचा लाडू, अशी सारी नामावळी क्रमाने येते. मग 'साध्या सुखां'वर एक परिच्छेद होतो. आणि शेवटी भरतवाक्याप्रमाणे 'आईच्या हातची ती चव आता कुठे?' हा उसासा ठरलेलाच. असे लेख आवडीने वाचले जातात हे आम्हांस ठाऊक आहे. आम्हीही ते वाचतो, आणि वाचताना तोंडाला पाणी सुटते हेही कबूल करतो. तथापि या उसाशात जी एक सोयीस्कर लबाडी दडलेली आहे, तिची कोणीतरी एकदा झडती घेतली पाहिजे, असे वाटल्यावरून हा लेख लिहावयास घेतला आहे.

आमचे भांडण भाकरीशी नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. थंडीच्या दिवसांत बाजरी, तीळ आणि गूळ खावा, ओले हरभरे, पावटे, गाजरे, वांगी आणि बोरे एकत्र शिजवून तिळाच्या कुटासह त्यांची भाजी करावी, यात पूर्वजांचे शहाणपण आहे आणि जिभेचे सुखही आहे. आमचे भांडण आहे ते या लेखांतील दोन शब्दप्रयोगांशी. त्यांपैकी एक 'साधे सुख' आणि दुसरा 'हातची चव'.

आता हे साधे सुख किती साधे आहे ते पाहू. बाजरीच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो, म्हणून ते पोळीसारखे लाटता येत नाही. त्यात कढत पाणी घालावे लागते, तेव्हा कुठे पिठातील पिष्टाला चिकटपणा येतो. एकदम सगळे पीठ भिजवून ठेवण्याची सोय नाही. एका भाकरीपुरता गोळा घेऊन तो तळहाताने रेटरेटून मळावयाचा, परातीत थापावयाचा, कडा न फाटू देता तव्यावर टाकावयाचा, वरून पाण्याचा हात फिरवावयाचा, ते पाणी सुकून जाण्यापूर्वी भाकरी उलटावयाची आणि शेवटी आचेवर फुगवावयाची. पुढच्या भाकरीला हा सर्व विधी पुन्हा पहिल्यापासून. बरे, पीठ साठवून ठेवावे तर तेही नाही; बाजरीत स्निग्धांश पुष्कळ असल्याने दळलेले पीठ लवकर कडवट होते, आणि म्हणून ते थोडे थोडे दळून आणावे लागते. संक्रांतीच्या काटेरी हलव्याची तर गोष्टच निराळी. मंद आचेवर परात ठेवून, तिळांवर साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडीत, बोटांनी ते दाणे तासन् तास फिरवीत राहावे, तेव्हा त्यांवर काटा धरतो. ज्या सुखाला साधे म्हणावयाचे, त्याचा साधेपणा ताटाच्या अलीकडच्या बाजूस आहे. पलीकडच्या बाजूस तो औषधालाही सापडत नाही.

आणखी एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. भाकरीची खरी गोडी ती ऊन असण्यात आहे, यावर सर्व रसिकांचे एकमत आहे. परंतु तव्यावरून एका वेळी एकच भाकरी उतरते, आणि ती जो पाटावर बसला असेल त्याच्या ताटात जाते. थापणारी उठते सर्वांत शेवटी. म्हणजे ज्या सुखाचे सारे सार उनपणात आहे, ते सुख निर्माण करणारीला ते निवल्यावर मिळते. या गोष्टीला आमचे शीतऋतुवर्णनकार 'वात्सल्य' म्हणतात. आम्ही तिला वाढण्याची चुकीची पद्धत म्हणतो.

आता 'हातची चव'. वरवर पाहता ही मोठी स्तुती आहे. पण तिचा व्यवहारातला अर्थ काय होतो? विद्या बुद्धीत असेल तर ती दुसऱ्यास देता येते; हातात असेल तर ती त्या हाताबरोबरच राहणार. चव आईच्या हातात आहे असे एकदा ठरविले, म्हणजे मुलाने ती शिकण्याचा प्रश्नच उरत नाही. त्याने फक्त आठवण काढावयाची. एका स्तुतिवाक्यात एकीला जन्माची चुलीपाशी बांधले आणि दुसऱ्याला जन्माची सुट्टी दिली, अशी काटकसर आमच्या भाषेत दुसरीकडे क्वचितच दिसेल. वस्तुतः वर वर्णिलेल्या क्रियेत गूढ असे काहीच नाही. तो पिठाचा, पाण्याचा आणि आचेचा स्वभाव आहे, आणि जो कोणी लक्ष देईल त्याला तो कळतो. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली घरोघरच्या 'अंदाजा'ला वाटीचमच्याचे माप दिले. त्यामुळे पदार्थ बिघडले नाहीत, उलट ज्यांच्यापाशी शिकविणारे कोणी नव्हते त्यांना ते येऊ लागले.

यावर एक आक्षेप असा येईल, की चव मापात नसते, मायेत असते. याला गिरणगावाचा इतिहास हेच उत्तर आहे. कोकणातून आणि घाटावरून मुंबईस आलेले, घरदार गावी ठेवून राहिलेले सहस्रावधी गिरणी कामगार वर्षानुवर्षे खाणावळी चालविणाऱ्या बायांच्या हातचे जेवले. त्या बाया त्यांच्या आया नव्हत्या. त्या श्रम करीत होत्या, आणि १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते या श्रमांना श्रम म्हणून उभे राहता यावे याचसाठी. तेच काम उंबरठ्याच्या आत केले की माया आणि बाहेर केले की मजुरी, हा भेद अन्नाला ठाऊक नाही. तो आपण केलेला आहे.

दुसरा आक्षेप जरा कडवट असतो. बायका नोकऱ्या करू लागल्या आणि घरची चव गेली, असे म्हणणारे गृहस्थ आजही सुशिक्षित घरांत भेटतात. त्यांच्यासाठी एक आकडा देतो. भारत सरकारने २०१९ साली केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणीत असे दिसले, की घरातील बिनमोल कामांत दर शंभर स्त्रियांपैकी ८१ जणींचा हात होता, आणि त्या दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवीत होत्या. पुरुषांपैकी शंभरांत २६ जणांनीच या कामाला हात लावला, आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटे भरली. बाई स्वयंपाकघरातून निघून गेली, हा शोध मग कोठून लागला? ती तेथेच आहे. तिच्या शेजारी येऊन उभे राहावयाचे होते ते मात्र आलेले नाहीत.

तिसरा आक्षेप खरा आहे, म्हणून तो टाळीत नाही. पुष्कळ गृहिणींनाच स्वयंपाकघरात पुरुषांची लुडबूड खपत नाही. परंतु जिला घरातील इतर कोणत्याही बाबतीत शेवटचा शब्द मिळाला नाही, तिने आपल्या डब्यांच्या फळीवर तरी अधिकार राखावा, यात नवल काय? तो अधिकार काढून घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. तिच्या हाताखाली उमेदवारी करावी असे म्हणतो. पुरुषांना हे जमत नाही, असेही नव्हे. हुरड्याच्या दिवसांत शेतात आगटी पेटवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत ज्वारीची कणसे भाजणे आणि ती चटके सोशीत तळहातांवर चोळणे, हे काम पुरुष मोठ्या हौसेने करताना आम्ही पाहिले आहेत. शेतातील निखारा ज्या हाताला भाजत नाही, त्याला घरचा तवा भाजतो, हे शरीरशास्त्राने उलगडावे असे कोडे आहे.

प्रस्तुत लेखक हे दुरून सांगत आहे, असे कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वी ऐन पौषात आमच्या आईचे मनगट मोडले. घरात वडील, धाकटा भाऊ आणि प्रस्तुत लेखक असे तीन धडधाकट पुरुष; आणि तिघांनाही मिळून एक भाकरी येत नव्हती. आठ दिवस विकतच्या डब्यावर काढल्यावर आई स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसली आणि गळ्यात अडकविलेल्या हाताने नव्हे, तोंडाने भाकरी करू लागली. "पाणी अजून कढू दे. रेट, नुसतं कालवू नकोस. आता कडेनं थाप." पहिल्या भाकरीचे तव्यावर पडेपर्यंत तीन तुकडे झाले. तिसऱ्या आठवड्यात एक फुगली. ती तव्यावरून सरळ तिच्याच ताटात गेली. तिने घास घेतला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "जाड झालीय, पण ऊन आहे." चाळीस वर्षे त्या घरात भाकऱ्या थापलेल्या बाईने हा अभिप्राय दिला, तेव्हा आजवर लिहिलेल्या आमच्या एकदोन उसाशाच्या लेखांची आम्हांस लाज वाटली.

२०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले; बाजरीच्या गुणांवर व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले गेले. ते योग्यच झाले. परंतु ती थापावयाची कोणी, हा प्रश्न त्या भाषणांत आमच्या तरी कानी आला नाही. उत्तर सर्वांनी गृहीत धरलेले होते.

तेव्हा आमची सूचना एवढीच आहे. येत्या भोगीला, जिच्या हातची चव आपण वर्षानुवर्षे गात आलो, तिला पहिल्या पंगतीला पाटावर बसवावे. कढत पाणी कोणी घालावयाचे, थापावयाचे कोणी आणि तव्यापाशी उभे कोणी राहावयाचे, ते घरातील बाप्यांनी आपसांत ठरवावे. मुलग्यांनाही त्यात घ्यावे. भाकरी फाटेल, तीळ करपतील, तिचे बोलणेही ऐकावे लागेल. ते मुकाट्याने ऐकावे. एवढे करून पाहिल्यावर ज्याला हरपलेल्या चवीविषयी लिहावेसे वाटेल, त्याने खुशाल लिहावे, आम्ही आनंदाने वाचू. ज्याने परातीला हातच लावला नाही, त्याने मात्र या वर्षी तो उसासा कृपा करून छापावयास पाठवू नये.