भुवईचं टोक
लाडक्या कार्टूनला खलनायक करायचं म्हटलं की नवशिके चित्रकार शिंगं, सुळे, रक्त काढून मोकळे होतात. छोटा भीम असा रंगवला तर तो भीम राहतच नाही, मग भीती कसली वाटणार? याचं उत्तर बाहुल्या घडवणाऱ्यांकडे आहे. १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. त्यांना नव्याने हलतं केलं रामदास पाध्यांनी. वडिलांच्या अर्धवटरावाला बोलतं ठेवणारे हेच पाध्ये १९९३ च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातल्या तात्या विंचूचेही कर्ते. अर्धवटराव आणि तात्या, दोघेही बोलके बाहुलेच. फिरती बुबुळं, वरखाली होणारा जबडा. पण अर्धवटरावाचे डोळे भिरभिरले की पोरं खिदळायची, तात्याचे वळले की आईच्या पदरात शिरायची. हे खरं कसब. म्हणून साताऱ्या-सांगलीत चित्रकला शिकणाऱ्या मुलांना सांगावंसं वाटतं, भीमचं धोतर तेच ठेवा, हातातला लाडूही राहू द्या. फक्त भुवयांची आतली टोकं खाली ओढा, बुबुळं बारीक करा, आणि तो लाडू एखाद्या लहानग्याच्या हातून हिसकावताना काढा.