पावसात हरणं बघायला

आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी मुलांची अभ्यासिका भरते. नोकरीवरून घरी आलो, चहा घेतला, की तासभर आम्ही तिथे जाऊन बसतो. जूनच्या शेवटी नववीतल्या एका मुलाने रद्दीत सापडलेले एका सहल कंपनीचे रंगीत पुस्तक आणले. वर सिंहाचा फोटो, खाली ‘आफ्रिका’ असे मोठे अक्षर आणि माणशी खर्च काही लाख रुपये. तो म्हणाला, “काका, पावसाळ्यात गेलं तर स्वस्त पडतं असं लिहिलंय. आपण किती वर्षं पैसे साठवायचे?”

बाकीची मुले हसली. पण तो थट्टा करत नव्हता. त्याचे वडील मार्केटला कांद्याच्या गोण्या उचलतात. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, हिशेब हाच आमचा धंदा. वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला आणि गप्प बसलो. तेवढ्या पैशात त्याच्या बहिणीचे लग्न होऊन घरावर पत्रेही पडले असते.

पुस्तकातली माहिती मात्र खोटी नव्हती. केनिया आणि टांझानिया या देशांत मोठा पाऊस मार्च ते मे या महिन्यांत पडतो आणि लहान पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. मोठ्या पावसात रस्ते चिखलात जातात, काही तंबू-निवास बंद राहतात, गर्दी ओसरते, म्हणून भाव उतरतात. ज्यांच्याजवळ पैसा आहे ते हिरवे रान स्वस्तात बघून येतात. त्यांना बघायलाही पुष्कळ मिळते. सेरेंगेटीच्या दक्षिण भागात जानेवारी ते मार्चमध्ये कोवळ्या गवतावर विल्डबीस्ट नावाची जनावरे वितात. काही आठवड्यांत लाखो पाडसे जन्मतात. जन्मल्यावर काही मिनिटांतच पाडस उभे राहते आणि कळपाबरोबर पळू लागते. पळाले नाही तर सिंह आणि तरस टपलेलेच असतात.

हे सगळे मुलांना सांगितले. मग मनात आले, पाऊस, गवत आणि हरणं एवढे बघायला समुद्र कशाला ओलांडायचा? आपल्या नाशिक जिल्ह्यात येवला तालुक्यात ममदापूर आहे.

येवला आपल्याला कोणी सांगायला नको. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती येवल्यात. दरवर्षी त्या दिवशी आपण मुक्तिभूमीला जातो, अभिवादन करतो, पुस्तके घेतो आणि संध्याकाळी परत फिरतो. त्याच येवल्याहून नांदगावच्या रस्त्याने पुढे गेले की राजापूर आणि ममदापूरचा माळ लागतो. तिथे वनखात्याचे काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. आम्ही मुक्तिभूमीला कितीदा गेलो त्याची मोजदाद नाही, पण या माळावर एकदाही पाय ठेवला नव्हता. ज्या मातीतून आपल्याला माणूसपणाची वाट मिळाली, तिच्या शेजारी काय राहते हेही ठाऊक नसावे, याची लाज वाटली.

ऑगस्टच्या एका रविवारी दोन क्रुझर ठरवल्या. वर्गणी काढली. ज्यांना जमले नाही त्यांच्या मुलांचे पैसे महिला मंडळाने भरले आणि कुणाचे भरले ते कुणाला सांगितले नाही. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून पहाटे देवळा सोडले. भावडबारी घाटात भुरभुर लागली. चांदवड, मनमाड मागे टाकून अनकाईचा किल्ला ढगात बुडालेला पाहिला. मुक्तिभूमीवर वंदना करून पुढे निघालो.

ममदापूरचा माळ म्हणजे घनदाट जंगल नव्हे. काळवीट हे मोकळ्या गवताळ रानातले जनावर. उन्हाळ्यात हा भाग कोरडा ठक्क असतो आणि पाणवठ्यांत टँकरने पाणी ओतावे लागते. पावसाळ्यात मात्र गवत गुडघ्याला लागते. एका वळणावर गाडी थांबली आणि समोर कळप. पिळदार शिंगांचा काळा-पांढरा नर, भोवती पिंगट माद्या. आमची चाहूल लागताच एक मादी जागच्या जागी उंच उडाली, तिच्यामागे दुसरी, तिसरी, आणि सगळा कळप हवेतून पळाल्यासारखा निघून गेला. मुले ओरडायचीही विसरली.

आता चूक कबूल करतो. आम्हालाच मोह झाला. ड्रायव्हरला म्हटले, गाडी गवतात घाल, जवळून दाखवू पोरांना. सोबत आलेल्या वनरक्षकाने हात आडवा केला. तो म्हणाला, “साहेब, रस्त्यावरूनच बघा. गवतात पाडस असेल.”

त्याने मुलांना नीट समजावले. काळविटाची मादी एका वेळी एकच पाडस देते. पहिले काही दिवस ते कळपाबरोबर पळत नाही. गवतात निपचित पडून राहते. आई लांब चरते आणि मधून मधून येऊन पाजते. माणूस किंवा गाडी जवळ आली तरी ते हलत नाही, कारण न हलणे हेच त्याचे संरक्षण. आफ्रिकेतले पाडस पळून जगते, आमच्या माळावरचे दडून जगते. ओल्या रानात चाक घातले तर गवताबरोबर तेही जायचे.

आम्हाला एकदम वर्षावास आठवला. विनयात असे आहे की, पावसात पाखरेसुद्धा घरटी करून थांबतात, पण हे श्रमण हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवत फिरतात, अशी लोकांनी तक्रार केली. भगवंतांनी ती मानली आणि भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. दर आषाढ पौर्णिमेला आम्ही हे विहारात सांगतो. आणि त्या दिवशी चाक गवतात घालायला निघालो होतो आम्हीच! ताडोब्यासारख्या व्याघ्र प्रकल्पाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असतो, त्याची किंमत तिथे कळली.

परतताना एका बांधावर जेवायला बसलो. शेजारच्या बाजरीत एक बाई निंदत होती. तिला भाकरी दिली, तिने पाणी आणून दिले. मुले हरणांच्या गोष्टी सांगू लागली तशी ती हसली. मग म्हणाली, “भाऊ, पोरांना हरणं दिसली, बरं झालं. पण ह्याच हरणांनी माझी बाजरी दोनदा खाल्ली. रात्रभर डबा वाजवत बसते मी.”

कोणी काही बोलेना. तो नववीतला मुलगा मात्र विचारता झाला, “मावशी, भरपाई मिळत नाही?”

भरपाई आहे. हरीण, काळवीट, रानडुक्कर यांनी पीक खाल्ले तर शासन नुकसानभरपाई देते. त्यासाठी तीन दिवसांच्या आत जवळच्या वनाधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा लागतो, मग पंचनामा होतो. पण बाई म्हणाली, “शेत वाट्याने केलंय. उताऱ्यावर नाव मालकाचं. भरपाई आली तर त्याच्या खात्यात, अन् राखण माझ्या डोक्यावर.” आपल्यातल्या किती घरांची हीच कथा आहे, ते वेगळे सांगायला नको. काळविटाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पहिल्या अनुसूचीत जागा दिली, हे चांगलेच झाले. पण ज्याच्या नावे सातबारा नाही त्याचे नाव कोणत्या अनुसूचीत शोधायचे?

आम्ही तिथेच मुलाच्या वहीत अर्ज लिहिला, कारण शेवटचे नुकसान आदल्या रात्रीचे होते. संध्याकाळी मालकाला गाठले. माणूस समजदार निघाला. भरपाई आली तर निम्मी बाईला द्यायची, असे त्याने साध्या कागदावर लिहून दिले. अर्ज दुसऱ्या दिवशी पोचता झाला. पैसे हातात पडतील तेव्हा खरे, पण मुदत तरी चुकली नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, यंदा मुक्तिभूमीला जाल तेव्हा मुलांना या माळावरही न्या. २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे येवल्यापर्यंतचा खर्च आवाक्यात येतो. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जा. वनकर्मचाऱ्यांना विचारून मगच आत शिरा. भडक कपडे, स्पीकर, आरडाओरडा नको. विजा चमकू लागल्या तर उघड्या माळावर किंवा झाडाखाली थांबू नका, गाडीत बसा. काळ्या मातीत चपला रुततात, जुने बूट असले तर ते घाला. आणि बांधावर कोणी निंदत असेल तर दोन शब्द बोला. तिला अर्ज लिहून हवा असेल तर लिहून द्या. एवढे शिक्षण आपल्या घराघरांत आता आले आहे.

त्या मुलाने ते रंगीत पुस्तक अजून जपून ठेवले आहे. ठेवू दे. उद्या तो शिकून मोठा होईल आणि आफ्रिकेलाही जाईल. पण परवा अभ्यासिकेत त्याने वनरक्षक भरतीला काय शिक्षण लागते ते विचारले. त्या चौकशीला आम्ही लागलो आहोत.