मुक्काम कुठे करायचा?

मैत्रिणींनो, दिवाळीची सुट्टी असो की उन्हाळ्याची, मुलांच्या शाळा बंद झाल्या की घराघरांतून एकच विषय निघतो : यंदा कुठे जायचं? आमच्या झरी जामणी तालुक्यात तर 'कुठे' म्हटलं की लांबचंच समजायचं. खाली पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं. वर पांढरकवड्याला नागपूर-हैदराबादचा मोठा रस्ता. पण तुळजापूर, पंढरपूर, कोल्हापूर ही सगळी ठिकाणं राज्याच्या दुसऱ्या टोकाला. एका दिवसात पोचणं नाही. वाटेत एक रात्र, क्वचित दोन रात्री काढाव्याच लागतात.

आता फोनवर घरबसल्या खोली ठरवता येते, हे खरं. पण आपल्याकडची निघण्याची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे. कापसाची वेचणी उरकली तर उद्या निघू, गाडी मिळाली तर परवा. वाटेत एखाद्या पोराला गाडी लागते, सासूबाईंचे पाय सुजतात, मधेच पंक्चर होतं. अशा वेळी आधी पैसे भरून ठेवलेली खोली पुढच्या गावी रिकामीच राहते. म्हणून पुष्कळ घरं खोली न ठरवताच निघतात. त्यात वाईट काही नाही. जुनी माणसं बैलगाडीने जात तेव्हाही दिवस मावळेल तिथे मुक्काम असेच की. फक्त एक ध्यानात ठेवायचं, दिवस मावळेल तिथे मुक्काम करायचा असेल तर मुक्कामाचा विचार मात्र दिवस मावळायच्या आधी करायला हवा.

माझा साधा नियम आहे. दुपारचे चार वाजले की गाडीतल्या सगळ्यांनी मिळून गाव ठरवायचं. दीड-दोन तासांत पोचता येईल असंच. साडेपाच-सहाला पोचलात की उजेड असतो, दोन-तीन खोल्या पाहता येतात, भावाची बोलणी करता येतात. तीच गोष्ट रात्री नऊला केलीत तर मुलं झोपेने रडत असतात, घरचे पुरुष गाडी चालवून चिडलेले असतात, आणि समोर येईल त्या खोलीला आपण 'हो' म्हणतो. काउंटरवरच्या माणसालाही ते कळतंच की!

गाव निवडताना मोठं निवडावं. आमच्या बाजूने तुळजापूरला जाणारा रस्ता पाहा. यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड, नांदेड, लातूर, औसा आणि मग तुळजापूर. मधल्या लहान गावांत दोन-चारच लॉज असतात. ते भरलेले निघाले तर अंधारात पुन्हा तास-दीड तास पुढे. त्यापेक्षा नांदेड किंवा लातूर गाठावं, म्हणजे एक नाही तर दुसरं मिळतं. नांदेडला तर मला नेहमीच निर्धास्त वाटतं. गुरु गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथेच देह ठेवला, त्यामुळे देशभरातून यात्रेकरू येतात. २००८ साली त्रिशताब्दीचा सोहळा झाला तेव्हा शहराचं रूपच पालटलं. गुरुद्वाऱ्याचे यात्री निवास आहेत आणि लंगरमध्ये कुणालाही जात-धर्म न विचारता जेवण मिळतं. डोकं मात्र झाकून जावं.

अकोल्याच्या बाजूने जाणार असाल तर शेगाव आहेच. श्री गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात खोल्या आगाऊ राखून ठेवत नाहीत, समक्ष जाऊन रांगेत उभं राहून मिळतात. म्हणूनच फोनवर कुणी 'शेगावची खोली ठरवून देतो, आधी पैसे पाठवा' म्हणालं तर एक पैसाही पाठवू नका. वर्ध्याकडून जाणाऱ्यांना सेवाग्रामचं यात्री निवास आहे, साधं आणि शांत. सरकारी विश्रामगृहाच्या भरवशावर मात्र कुणी निघू नये. तिथे परवानगी लागते आणि साहेबलोकांचा हक्क पहिला. रात्री एखादे अधिकारी आले की आपली पंचाईत.

निघण्याआधी पंचांग पाहायला विसरू नका. मुहूर्तासाठी नाही हो, खोलीसाठी! आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, नवरात्रात तुळजापूर आणि माहूर, इथे आयत्या वेळी खोली मिळणं कठीणच. पण आपल्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे लग्नतिथी. दाट तिथीच्या दिवशी तालुक्याच्या गावातले सगळे लॉज वऱ्हाडाने भरलेले असतात. नोकरभरतीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री जिल्ह्याच्या गावातही तेच.

आता विचारायचं कुणाला? बसस्टँडबाहेर आपणहून पुढे येऊन 'चला, चांगली खोली दाखवतो' म्हणणाऱ्याला नव्हे. त्याचा त्यात हिस्सा असतो आणि तो आपल्याच भाड्यातून निघतो. औषधाच्या दुकानात विचारा, पेट्रोलपंपावर विचारा, एखाद्या दुकानात बाई बसलेली दिसली तर तिला जरूर विचारा. 'बायका-मुलं घेऊन आलोय, कुठे उतरू?' असा सरळ प्रश्न करा. दोघांनी एकच नाव सांगितलं की तिकडे वळा. फोनवर लोकांनी दिलेले तारे पाहावेत, पण फोटोतली चादर आणि पलंगावरची चादर यांत फार अंतर असतं. लॉजच्या गॅलरीत लहान मुलांचे कपडे वाळत घातलेले दिसले, तर माझ्या दृष्टीने ती खूण दहा ताऱ्यांच्या बरोबरीची!

आणि इथे मला मुख्य गोष्ट सांगायची आहे. बहुतेक घरांत काय होतं, पुरुष उतरून काउंटरवर जातात, आपण गाडीत पोरांना सांभाळत बसतो. ते परत येऊन सांगतात, 'झाली खोली.' पण त्या खोलीत पोराला रात्री दोनदा उठवायचं कुणी, सकाळी अंघोळी कुणी घालायच्या, ओले कपडे कुठे टाकायचे हे पाहायचं कुणी? आपणच ना? मग खोली आपणच पाहायची. पैसे देण्याआधी, किल्ली घेण्याआधी. यात कुणाला कमीपणा नाही.

खोलीत गेल्यावर या गोष्टी पाहा :

दाराची आणि न्हाणीघराची कडी आतून नीट बसते का. खिडकी लागते का, बाहेरून गच्चीवरून कुणाचा हात पोचेल अशी आहे का.

गादीची शिवण उलटून पाहा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. खोली कितीही स्वस्त असली तरी परत फिरा, नाहीतर ते पाहुणे तुमच्या बॅगेतून घरी येतील.

नळ सोडून पाहा. गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत येतं, ते विचारा.

जिना कुठे आहे, दुसरी वाट आहे का, हे पाहून ठेवा. आग लागली, दिवे गेले, तर शोधत बसायला नको.

मग काउंटरवर चार प्रश्न. भाडं करासकट की कराविना? जास्तीच्या गादीचे वेगळे पैसे का? हिशेब चोवीस तासांचा की दुपारी बाराचा? गाडी रात्री कुठे उभी करायची? शेवटी पावती मागून घ्या. ओळखपत्राशिवाय खोली देत नाहीत, तेव्हा प्रत्येक मोठ्या माणसाच्या आधारकार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत ठेवा. नंबरातले शेवटचे चारच आकडे दिसतात असं झाकलेलं आधारही काढता येतं. झेरॉक्स त्याचीच द्यावी आणि तिच्यावर 'फक्त मुक्कामासाठी' असं लिहून तारीख घालावी.

माझ्या एका पिशवीत हे कायम भरलेलं असतं : दोन सुती चादरी, एक कुलूप, टॉर्च, नायलॉनची दोरी आणि चार चिमटे, डासांची अगरबत्ती, कपडे धुण्याची वडी, एक पातेली. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. खोली मिळायला उशीर झाला तरी मुलं उपाशी राहत नाहीत, आणि पोट भरलेलं असलं की आपणही घाईने निर्णय घेत नाही. बाहेर जेवायला जाताना जमलं तर खोलीला आपलंच कुलूप लावावं.

हे सगळं झालं कुटुंबासोबत जाणाऱ्यांचं. पण बाई एकटी असेल तर? माझ्याबरोबर शिकवणारी एक मैत्रीण मुलीला परीक्षेसाठी घेऊन गेली होती. मायलेकी दोघीच. संध्याकाळी एका लॉजवर गेल्या, खोल्या रिकाम्या होत्या, तरी उत्तर मिळालं, 'सोबत कुणी जेंट्स नाही का? मग नाही देता येणार.' दुसरीकडेही तेच. एका ठिकाणी तर 'तुमच्याच भल्यासाठी सांगतो' असंही ऐकवलं. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलगी रस्त्यावर उभी, हे कसलं भलं? शेवटी तिसऱ्या ठिकाणी मालकीण स्वतः बसली होती, तिने खोली दिली.

मैत्रिणींनो, एकट्या बाईला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही. ही केवळ लॉजवाल्याची भीती आणि सवय. तेव्हा न रडता, न भांडता विचारायचं, 'असा नियम कुठे लिहिलाय, दाखवा. नाहीतर मला तसं लिहून द्या.' लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा खोली निघते. तरीही नाहीच मिळाली तर भर वस्तीतल्या दुसऱ्या ठिकाणी जा, आणि अडचण वाटली तर ११२ वर फोन लावा. घरी मात्र लॉजचं नाव आणि खोलीचा नंबर लगेच कळवून ठेवा. एकट्याने निघायचं असेल तेव्हा तेवढ्या एका रात्रीची खोली आधी फोनवर बोलून ठरवलेलीच बरी.

दाराशी आलेल्याला 'तू कोण' असं विचारून परत पाठवणं ही काही आजची गोष्ट नाही. आपल्याच वऱ्हाडातले गाडगेबाबा (१८७६-१९५६) यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. विठ्ठलाच्या दर्शनाला आलेल्या, त्या काळी अस्पृश्य ठरवलेल्या वारकऱ्यांना पंढरपुरात कुणी टेकू देत नसे. म्हणून बाबांनी लोकांकडून पैसा उभा करून तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू इथेही धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेली माणसं आणि त्यांचे नातेवाईक आजही राहतात. स्वतः अंगावर चिंध्या नि हातात खराटा, पण दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर हवं याची केवढी काळजी! परक्या गावात रात्रीचा निवारा ही माणसाची किती मोठी गरज आहे, हे त्या अक्षरशत्रू माणसाने ओळखलं होतं.

आपल्याला धर्मशाळा बांधता येणार नाही. पण एक करता येईल. जिथे कडी नीट होती, पाणी गरम मिळालं, एकट्या बाईला वेडावाकडा प्रश्न विचारला नाही, त्या जागेचं नाव घरच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा. गाव, जागेचं नाव, भाडं, साल. आणि कुणी मैत्रीण त्या वाटेने निघाली की तिला ते पान दाखवा. माझ्या वहीत आतापर्यंत सात गावं झाली आहेत. तुमच्या वहीतलीही मला जरूर कळवा.