मॉड्युलमधली नोंद मालकाची

अपघाताची गाडी गॅरेजात आली की एअरबॅगचे काम निघतेच. गिअर लिव्हरजवळचा कन्सोल उघडायचा, पिवळा कनेक्टर सोडवायचा, मॉड्युल बाहेर काढायचे. नवे मॉड्युल महाग, म्हणून तेच कुरिअरने पाठवून ‘क्रॅश डेटा’ पुसून आणणारेही आपल्यात आहेत. सुरक्षेच्या दृष्टीने ते धोक्याचेच. पण आजचा प्रश्न वेगळा आहे. जे पुसले, ते पुसायचा अधिकार कोणी दिला?

अनेक गाड्यांच्या मॉड्युलमध्ये धडकेआधीच्या काही सेकंदांची नोंद राहते: वेग, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, सीटबेल्ट. २००७ मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर जॉन कॉर्झाइन अपघातात जखमी झाले, तेव्हा त्यांची गाडी ताशी ९१ मैलांनी धावत होती हे अशाच नोंदीतून उघड झाले. उलटही घडते. वेग बेताचा होता, ब्रेक वेळेत दाबला होता, हे सांगायला चालकापाशी दुसरा पुरावाच नसतो.

अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून ही नोंद मालकाची किंवा गाडी लीजवर घेणाऱ्याची ठरवली. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला ही यंत्रणा सक्तीची आहे, मात्र गाडी किंवा मालक ओळखता येईल असे काहीही तिने साठवायचे नाही. चासी नंबरचे शेवटचे चार अंकसुद्धा नाहीत. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर भर देतो, पण गाडीतल्या या नोंदीचा त्यात नावानिशी उल्लेख नाही.

म्हणून भार आपल्यावर येतो. सर्व्हेअरचा फोन येतो, “मॉड्युल उघडलंच आहे, तर वेग किती होता तेवढं बघून सांगा.” कॅशलेसचे बिल त्याच्याच रिपोर्टवर अडलेले असते, नाही म्हणणे जड जाते. तरीही नाहीच म्हणायला हवे. मालकाने गाडी दाखवली, म्हणजे आतली नोंद दिली असे होत नाही. हवी असेल तर विमा कंपनीने ती मालकाकडे लेखी मागावी. क्लेम खोटा असल्याचा संशय असला, तरी रस्ता तोच.

जॉब कार्डवर एक ओळ वाढवा: मॉड्युल वाचायचे, बदलायचे की जपून ठेवायचे, आणि पुढे मालकाची सही. बदलले तर जुने मॉड्युल भंगारात न टाकता पिशवीत घालून, गाडीचा नंबर लिहून मालकाच्या हाती द्या. अपघातात कोणी दगावले असेल, तर तपास अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय कन्सोलचा स्क्रूसुद्धा सैल करू नका.