पाइप बदलला आणि नळाला करंट यायला लागला, असं का होतं?

मागच्या डिसेंबरात कन्नडला काकांकडे गेले होते. घाटमाथ्यावरचं गाव, सकाळी पाण्यात हात घालवत नाही. बाथरूममध्ये शिरणार तेवढ्यात काकूंनी बजावलं, "आधी गीझर बंद कर, मग नळाला हात लाव. झिणझिण्या येतात." घरातल्या सगळ्यांच्या हे अंगवळणी पडलं होतं. कधीपासून येतात, असं विचारलं तर उत्तर मिळालं, दिवाळीत पाइपलाइन बदलली तेव्हापासून.

काकांनी आणि चुलतभावाने व्हिडिओ बघून ती स्वतःच बदलली होती. काम चोख होतं, एक थेंब गळत नव्हता. वायरीला तर त्यांनी हातही लावला नव्हता. मग करंट आला कुठून?

खरं तर तो आधीपासूनच होता.

आपल्याकडे बोअरचं पाणी बेसाल्टच्या खडकातून येतं, ते जड असतं. गीझरमधल्या हीटिंग एलिमेंटवर त्याचा पांढरा थर बसतो, एलिमेंट गरजेपेक्षा जास्त तापतं आणि कधीतरी त्याचं आवरण फुटतं. मग थोडी वीज पाण्यात आणि टाकीत उतरते. ती जमिनीत जावी यासाठी प्लगची तिसरी, जाड पिन असते. पण ती तार घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोचली नसेल किंवा खड्डा कोरडा पडला असेल, तर पिन नुसती शोभेची. मुरूम आणि खडकाच्या जमिनीत हे जास्त होतं. म्हणूनच जुनी माणसं उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततात.

काकांच्या घरात आतापर्यंत ही गळकी वीज जुन्या लोखंडी जीआय पाइपातून जमिनीत जात होती. ही काही अर्थिंगची रीत नव्हे, पण काम भागत होतं. तो पाइप निघाला आणि सीपीव्हीसीचा आला. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही. वाट बंद झाली, वीज तिथेच राहिली. आता ओल्या फरशीवर उभं राहून जो नळाला हात लावेल, तोच तिची वाट.

व्हिडिओत हे कुणी सांगत नाही, कारण तो व्हिडिओ प्लंबिंगचा असतो.

पण एमसीबी आहे ना?

हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारला. एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. २ हजार वॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर वीज घेतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा एमसीबी लावतात. माणसाच्या शरीरातून ०.०३ अँपिअर, म्हणजे ३० मिलिअँपिअर वीज काही क्षण गेली तरी जिवावर बेतू शकतं. १६ अँपिअर म्हणजे त्याच्या पाचशे पटीहून जास्त. एमसीबीला काही कळायच्या आत सगळं संपलेलं असतं.

यासाठी वेगळं उपकरण असतं, आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा ते सतत हिशोब ठेवतं. फरक ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की क्षणात पुरवठा तोडतं. घराला अर्थिंग नसली तरी अंगातून वीज गेल्यावर ते पडतं. म्हणून अर्थिंग नको असं मात्र नाही. अर्थिंग असेल तर ते कुणी नळाला हात लावायच्या आधीच पडतं. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते अधूनमधून दाबून बघायचं, दाबल्यावर पडलं नाही तर बदलायचं.

विजेच्या धक्क्याने देशात वर्षाला १२ हजारांहून जास्त माणसं मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अलीकडचे अहवाल सांगतात. दिवसाला तीसपेक्षा जास्त.

मग स्वतः काय करायचं?

बरंच काही. नळ, वॉशर, अँगल कॉक, शॉवर, जेट, फ्लशच्या टाकीचा फ्लोट ही कामं जरूर करा. दोन चुका तेवढ्या टाळा. गरम पाण्याच्या लाइनला उरलेला साधा पीव्हीसी पाइप जोडू नका, तो उष्णतेने मऊ पडतो. आणि गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह टपकतो म्हणून त्याला बूच मारू नका. आतला दाब बाहेर पडायची ती जागा आहे.

विजेच्या बाबतीत रेषा कायद्यानेच आखली आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून ती आहे आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही कायम आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण बदलायला हरकत नाही, पण त्यामुळे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. म्हणजे जुना २ हजार वॅटचा गीझर काढून तेवढ्याच वॅटचा नवा लावणं चालतं. त्या जागी ३ हजार वॅटचा इन्स्टंट लावणं किंवा बाथरूममध्ये नवा पॉइंट काढणं हे परवानाधारक ठेकेदाराचं काम.

जे चालतं ते करतानाही एक सापळा आहे, इन्व्हर्टर. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाइनवर वीज असते. लोडशेडिंगमुळे आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहेत, त्यामुळे दोन्ही बंद केल्याशिवाय बोर्ड उघडू नका. आणि टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं धरून चालू नका. आधी तो चालू पॉइंटवर पेटतो का ते बघा.

"जाणकाराला बोलवा", पण जाणकार कोण?

इथे मात्र माझा सल्ला देणाऱ्यांवर राग आहे. तालुक्याच्या गावात वॉशर बदलायला कुणी लवकर येत नाही. येतो त्याच्याकडे तारतंत्रीचा परवाना आहे का, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर आपणच भांडखोर ठरतो. लोक हौसेपेक्षा नाइलाजाने पक्कड हातात घेतात.

काकांच्या घरी शेवटी नवा खड्डा घेतला, आरसीसीबी बसवला. गीझर सुरू करताच तो पडला. एलिमेंट काढलं तर त्यावर चुन्याचा बोटभर थर आणि मधोमध चीर.

नवीन वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. काकांनी तो जपून ठेवला होता, म्हणून कपाटातून काढून पाहिला. सही होती, शिक्का होता, अर्थिंगच्या रकान्यात आकडाही होता. जुना खड्डा घराच्या नेमका कुठल्या बाजूला आहे, हे मात्र घरात कुणालाच सांगता आलं नाही.